मॅकेन्झी किंग यांची डायरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या लालसर ५० डॉलरच्या नोटेवर गोल चेहऱ्याचे, सुटाबुटातले एक गृहस्थ आहेत. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्या मराठी माणसालाही त्यांचं नाव पटकन सांगता येत नाही. ते विल्यम ल्यॉन मॅकेन्झी किंग, कॅनडाचे एकेकाळचे पंतप्रधान आणि जन्मभर डायरी लिहिणारा माणूस. मी ओटावात राहते. उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की पार्लमेंट आणि कालवा दाखवून झाल्यावर मी त्यांना लॉरिए हाउसमध्ये नेते. किंग या घरात राहायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या अभ्यासिकेत पाय ठेवला की पाहुण्यांचे प्रश्न सुरू होतात. ते इतके तेच ते झालेत की उत्तरं एकदाची लिहून काढलेली बरी. जिने चढताना बोलायला मला हल्ली दम लागतो.

किंग म्हणजे इंग्लंडचे राजे का?

नाही. किंग हे आडनाव. जन्म १८७४चा, ऑन्टारियो प्रांतातल्या बर्लिन नावाच्या गावातला. जर्मन वस्तीचं गाव होतं ते. पहिल्या महायुद्धात ते नाव लोकांना खुपायला लागलं आणि १९१६ मध्ये गावाचं किचनर झालं. आईचे वडील विल्यम ल्यॉन मॅकेन्झी यांनी १८३७ साली सरकारविरुद्ध बंड केलं होतं आणि त्यांना पकडून देणाऱ्याला १००० पौंडांचं इनाम लागलं होतं. त्यांचाच नातू पंतप्रधान झाला. १९२१ ते १९४८ या काळात तीन खेपा मिळून २१ वर्षांहून जास्त. कॅनडात हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

माणूस दिसायला-बोलायला अगदी मिळमिळीत. भाषणं लांबलचक आणि गुळमुळीत. प्रत्येक वाक्याला दोन पळवाटा. दुसऱ्या महायुद्धातलं त्यांचं सर्वांत गाजलेलं वाक्य आहे, ‘सक्तीची भरती गरजेची आहे असं नाही, पण गरज पडली तर सक्तीची भरती.’ यावर काय बोलणार? अशा माणसाची डायरी कुणी हौसेने वाचेल असं तो जिवंत असताना कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

डायरी आहे तरी केवढी?

पहिली नोंद ६ सप्टेंबर १८९३ची. टोरांटो विद्यापीठात शिकणारा १८ वर्षांचा मुलगा. शेवटची १९ जुलै १९५०ची, आणि २२ जुलैला ते गेले. मधल्या जवळजवळ ५७ वर्षांत काही तुरळक खंड सोडले तर हात थांबलेला नाही. सुमारे ३०,००० पानं आणि ७५ लाखांच्या आसपास शब्द. दोनशे पानी वह्या घेतल्या तर दीडशे लागतील.

आधीची डायरी हाताने लिहिलेली आहे आणि अक्षर म्हणजे निव्वळ मुंग्यांची रांग. १९३५च्या सुमारापासून मात्र ते सचिव एदुआर हँडी यांना तोंडी सांगू लागले आणि हँडी टाइप करू लागले. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. खोलीत ऐकणारा दुसरा माणूस आला की डायरी खाजगी किती उरते? पण किंग यांचं नवल असं की त्यांनी स्वप्नं, मेलेल्या माणसांचे निरोप, मंत्र्यांबद्दलची जळजळ, सगळं हँडींना सांगितलं. आणि हँडींनी ते कुठेही फोडलं नाही.

एवढं लिहायचे कशासाठी?

पहिल्याच पानावर कारण दिलंय. एकही दिवस दाखवण्यासारखं काही न करता गेला तर आपल्याला लाज वाटावी, म्हणून ही डायरी. म्हणजे वही नव्हे, छडी घेतलेला मास्तर. पुढे सत्ता आली आणि हेतूत भर पडली. निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायचं होतं, त्यासाठी कच्चा माल साठवायचा होता. ते आत्मचरित्र काही झालं नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षंही मिळाली नाहीत.

डायरीचं एखादं पान उघडलंत तर साधारण असं दिसेल : सकाळी किती वाजता जाग आली, रात्री कोणतं स्वप्न पडलं (त्याला ते ‘दृष्टांत’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ लावतात), बायबलमधला कोणता भाग वाचला, थकवा, मंत्रिमंडळाची बैठक, कोण आपल्याशी नीट बोलला नाही, कुणी कौतुक केलं, आणि उठून घड्याळाकडे पाहिलं तेव्हा दोन्ही काटे एकमेकांवर होते की एका सरळ रेषेत. काटे जुळले की ते शुभ. वरून कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे याची ती खूण. देशाचा पंतप्रधान दिवसातून अनेकदा ही नोंद करतो, वर्षानुवर्षं.

भुतांशी बोलायचे हे खरं का?

खरं. पाहुण्यांचा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे प्लँचेट म्हटलं की उपडी वाटी, पाटावर खडूने काढलेली अक्षरं आणि मे महिन्याच्या सुट्टीत जमलेली भावंडं आठवतात. किंग यांचा प्रकार त्याच कुळातला, फक्त जास्त गंभीरपणे केलेला. १९३२ पासून एटा व्रीड्ट नावाच्या डेट्रॉइटच्या बाईंच्या बैठकांना ते बसू लागले. अंधाऱ्या खोलीत एक कर्णा ठेवायचा आणि त्यातून मृतांचा आवाज येतो म्हणायचं. पुढच्या वर्षापासून घरीच सुरू केलं. बरोबर असायच्या जोन पॅटसन, त्यांच्या जवळच्या मैत्रीण. एका बँक मॅनेजरच्या पत्नी. दोघांनी छोट्या टेबलावर तळवे ठेवायचे. टेबल ठकठक करतं. जितक्या टकटकी तितकं वर्णमालेतलं अक्षर. असं अक्षर-अक्षर जोडून निरोप लिहायचा. आई यायची, वडील, भाऊ-बहीण, बंडवाले आजोबा यायचे, जुने नेते विल्फ्रिड लॉरिए यायचे, इंग्लंडचे जुने पंतप्रधान ग्लॅडस्टन यायचे. लिओनार्दो दा विंचीही येऊन गेलाय.

हसायला येतं, पण जरा थांबा. १९१५ ते १९२२ या सात वर्षांत या माणसाची बहीण, वडील, आई आणि एकुलता भाऊ असे चारही जण गेले. आई गेली ती १८ डिसेंबर १९१७ला. आदल्या दिवशी किंग यांचा त्रेचाळिसावा वाढदिवस होता, आणि त्याच दिवशी ते निवडणूक हरले होते. तो काळही पहिल्या महायुद्धानंतरचा. घराघरातली मुलं गेली होती आणि इंग्लंड-अमेरिकेत अशा बैठकांना भले भले शिकलेले लोक बसायचे. आपण दहाव्या दिवशी कावळा शिवेना म्हणून ‘तुझ्या मुलांचं मी बघेन’ असं हात जोडून सांगतो, तेव्हा आपणही मेलेल्या माणसाशीच बोलत असतो की.

मग देश काय भुतं चालवत होती?

छे. बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं की आत्मे किंग यांना तेच सांगायचे जे त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं. राजकीय सल्ला म्हणून त्या निरोपांचं वजन शून्य, पण धीर म्हणून खूप. कोकणात देवाला कौल लावतात, तिथे निदान उजवा पाकळा पडायचा की डावा ही अनिश्चितता असते. किंगसाहेबांच्या टेबलाने त्यांना फारसं कधी नाही म्हटलं नाही.

आणि टेबल चुकायचंही. सप्टेंबर १९३९च्या सुरुवातीला, युरोपात युद्धाला तोंड फुटलेलं असताना, ते आणि जोनबाई टेबलाला बसले. निरोप आला की हिटलर मेला, एका पोलिश माणसाने त्याला गोळी घातली. काही तासांतच ते खोटं ठरलं. खोटारडं भूत मध्ये शिरलं असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि युद्धाच्या काळात या बैठका बरीच वर्षं आवरत्या घेतल्या. म्हणजे देशावर खरंच वेळ आली तेव्हा त्यांनी टेबल बाजूला सारलं. युद्ध संपल्यावर लंडनच्या दौऱ्यांत आत्मे बोलावणाऱ्यांकडे पुन्हा चकरा सुरू झाल्या. अशाच एका बैठकीत नुकतेच गेलेले रूझवेल्ट आले आणि ‘इतक्यात निवृत्त होऊ नका’ म्हणाले. तोवर सत्तरी ओलांडलेल्या, खुर्ची सोडवत नसलेल्या माणसाला आणखी काय ऐकायचं असतं!

आईच्या तसबिरीपुढे दिवा?

हो. अभ्यासिकेत आईचं मोठं तैलचित्र आहे : शेकोटीजवळ बसलेल्या, मांडीवर पुस्तक. त्यांच्या हयातीत चित्राजवळचा दिवा रात्रंदिवस चालू असायचा. इंग्रजीत लिहिणारे लोक याचा उल्लेख नेहमी ‘बघा, काय विक्षिप्त माणूस’ अशा सुरात करतात.

एकदा सांगलीची माझी आत्या बरोबर होती. मार्गदर्शक मुलीने हा दिव्याचा किस्सा रंगवून सांगितला. माझी आत्या शांतपणे म्हणाली, ‘यात विशेष काय? आमच्याकडेही आहे. हार तेवढा नाही घातलेला यांनी.’ मी भाषांतर केलं नाही. पण तेव्हापासून ती खोली मला वेगळी दिसते. पलीकडे त्यांचा स्फटिकाचा गोळा ठेवलेला आहे. सगळे त्याचे फोटो काढतात. आत्याने काढला तो दिव्याचा.

कुत्र्याचं काय प्रकरण आहे?

पॅट. आयरिश टेरिअर. १९२४ मध्ये पॅटसन नवरा-बायकोने दिलेला. नंतर आणखी दोन कुत्री झाली, त्यांचीही नावं पॅटच ठेवली. पहिला पॅट जुलै १९४१ मध्ये वारला. जर्मन फौजा रशियात घुसल्याला तीन आठवडे झाले होते. किंग यांनी युद्ध समितीची बैठक पुढे ढकलली आणि म्हाताऱ्या कुत्र्याला मांडीवर घेऊन रात्रभर बसले, प्रार्थनागीतं म्हणत. त्याच्याबरोबर आई-वडिलांना, भावंडांना निरोप पाठवले. सकाळी पॅट गेला.

या नोंदींवरून त्यांची टर उडवतात. माझ्या मते ५७ वर्षांतली सर्वांत चांगली लिहिलेली पानं हीच आहेत. इथे ते कुणावर छाप पाडत नाहीत, स्वतःला समजावत नाहीत, काटे जुळले का पाहत नाहीत. बिनलग्नाचा, सत्तरीकडे झुकलेला माणूस आणि एक म्हातारं जनावर.

लग्न का केलं नाही? आणि ‘फिरायला जाणं’ म्हणजे काय?

लग्न करायचं होतं. १८९० च्या दशकात शिकागोत माटिल्डे ग्रॉसर्ट नावाच्या जर्मन नर्सवर जीव जडला होता. घरून, विशेषतः आईकडून, विरोधाची पत्रं गेली. मुलाने घराण्याचं नाव काढायचं, नर्सशी लग्न करून अडकायचं नाही, हा सूर. प्रकरण तिथेच थांबलं. (ही गोष्ट ऐकताना आमच्याकडचे पाहुणे हमखास एकमेकांकडे बघतात.)

तरुणपणीच्या डायरीत वारंवार असं येतं : संध्याकाळी फिरायला गेलो, वेळ वाया घालवला, पैसे वाया घालवले, देवा क्षमा कर. इतिहासकार सी. पी. स्टेसी यांनी १९७६ च्या पुस्तकात याचा अर्थ लावला की ही वेश्यांकडे जाण्याची कबुली आहे. वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल असा माल मिळाला. नंतरच्या काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला. त्या पिढीतल्या कर्मठ ख्रिस्ती मुलाला पत्ते कुटण्यात गेलेली किंवा नाटक पाहण्यात गेलेली संध्याकाळही पापच वाटायची. कोणत्या रात्री काय झालं हे वाक्यांवरून सिद्ध होत नाही.

इथेच डायरी वाचण्याची किल्ली आहे असं मला वाटतं. ज्याची लाज वाटली ते त्यांनी आडून-आडून लिहिलं. आपण शंभर वर्षांनीही अंदाजच बांधतोय. ज्याची लाज वाटली नाही ते सरळ, ठसठशीत लिहिलं. आणि पुढच्या दोन प्रश्नांत दिसेल की खरं झोंबतं ते हे सरळ लिहिलेलं. भुतांचं नाही.

हिटलरला भेटले होते ना?

२९ जून १९३७, बर्लिन. ओटावाचा पंतप्रधान, ज्याचा जन्म कॅनडातल्या बर्लिनचा, तो खऱ्या बर्लिनमध्ये. हा योगायोग नाही, नियतीने आपल्याला शांततेच्या कामासाठी निवडलंय, अशी किंग यांची खात्री होती. त्यांनी हिटलरला आपल्या जन्मगावाबद्दल सांगितलंही.

त्या दिवशीची नोंद लांब आहे. हिटलरची त्वचा गुळगुळीत होती, चेहऱ्यावर थकवा नव्हता, डोळ्यांत एक पाणीदार भाव होता. हा माणूस आपल्या देशबांधवांवर खरंखुरं प्रेम करतो आणि त्यांच्यासाठी कोणताही त्याग करील. साधा शेतकरी गडी. निघताना हिटलरने चांदीच्या चौकटीतला स्वतःचा फोटो भेट दिला, त्याचंही अप्रूप. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यानंतर, हिटलरची गणना पुढेमागे फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्कच्या पंक्तीत होईल, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं.

त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. इंग्लंडवर हल्ला झाला तर कॅनडा इंग्लंडच्या बाजूने उभा राहील, हे हिटलरला तोंडावर सांगितल्याचं ते लिहितात. आणि १० सप्टेंबर १९३९ला कॅनडाने खरोखर युद्ध पुकारलं. फसलेले ते एकटेच नव्हते. त्या काळी बर्लिनहून येणारे बरेच मुत्सद्दी गोड बोलत यायचे. पण इतरांच्या चुका त्यांच्या फायलींत, सावध शब्दांत दबून राहिल्या. किंग यांनी आपली चूक त्याच दिवशी लिहून ठेवली आणि नंतर कधी खोडली नाही. स्वतःचं माणूस ओळखण्याचं कसब किती बेभरवशाचं आहे याचा पुरावा स्वतःच्याच डायरीत जपून ठेवणारा राजकारणी मी दुसरा पाहिलेला नाही.

आपल्या लोकांबद्दल काय लिहिलंय?

हा प्रश्न पाहुणे जरा दबकत विचारतात. उत्तर गोड नाही.

भारतीयांशी किंग यांचा संबंध ते निवडून येण्याआधीचा. १९०७ च्या सप्टेंबरमध्ये व्हँकूव्हरमध्ये आशियाई लोकांविरुद्ध दंगल झाली. तेव्हा किंग कामगार खात्याचे उपमंत्री, म्हणजे आपल्या भाषेत खात्याचे सचिव. चौकशीला तेच गेले. मग १९०८ मध्ये त्यांना लंडनला पाठवलं गेलं, भारतातून येणाऱ्या लोकांना कसं थांबवायचं हे ब्रिटिश सरकारशी बोलायला. उष्ण देशातल्या भारतीयांना इथली हवा मानवणार नाही, असं त्यांच्या अहवालात आहे. शीख लोक ब्रिटिश कोलंबियातल्या लाकडाच्या गिरण्यांत भर थंडीत राबत होते, ते त्यांना दिसलं नसावं. त्याच वर्षी नियम आला की निघालेल्या देशातून सलग प्रवास करून आलात तरच प्रवेश. भारतातून थेट तिकीट मिळण्याची सोयच राहिली नव्हती. नियमात भारत हा शब्द नाही, आणि दोन हजारांच्या वर गेलेला वर्षाचा आकडा बोटांवर मोजण्याइतका झाला. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाजावरच्या ३७६ भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना परत पाठवलं गेलं. तेव्हा सत्तेत किंग नव्हते, पण अडवायला याच नियमांचा आधार होता. १९०९ च्या सुरुवातीला ते स्वतः भारतातही येऊन गेले, शांघायच्या अफू परिषदेला जाताना. त्या वेळी कलकत्त्यात व्हाइसरॉय होते लॉर्ड मिंटो, आधी कॅनडाचे गव्हर्नर जनरल राहिलेले. साम्राज्यातल्या साहेबांना कुठूनही कुठेही जायला मोकळीक होती.

ज्यूंबद्दल मार्च १९३८ मध्ये, निर्वासितांना घ्यावं का या विचारात, ते लिहितात की खंडाचा हा भाग अशांततेपासून आणि परक्या रक्ताच्या फार मोठ्या मिसळीपासून मोकळा ठेवायला हवा. १९३३ ते १९४५ या सगळ्या काळात कॅनडाने घेतलेले ज्यू निर्वासित ५००० च्या आसपास.

आणि ६ ऑगस्ट १९४५. हिरोशिमाची बातमी आली त्या दिवशी त्यांनी लिहिलं की हा बॉम्ब युरोपातल्या गोऱ्या वंशांवर न पडता जपान्यांवर पडला हे सुदैव. कबुलीचा सूर नाही, संकोच नाही. इतर दहा गोष्टींमध्ये एक वाक्य, मग पुढची गोष्ट. ही नोंद मी पहिल्यांदा वाचली ती ग्रंथालयात, दुपारी, डबा खाऊन झाल्यावर. वाक्य संपवून मी पुढच्या परिच्छेदावर गेलेही होते, इतकं ते सहज लिहिलंय. मग परत वर आले.

याच माणसाच्या शेवटच्या वर्षांत, १९४७ मध्ये, चिनी लोकांना बंदी करणारा कायदा रद्द झाला आणि ब्रिटिश कोलंबियातल्या भारतीयांना मताचा हक्क मिळाला. मात्र त्याच वर्षी १ मे रोजी त्यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की देशाच्या लोकसंख्येचा मूळ पोत बदलावा असं कॅनडाच्या जनतेला वाटत नाही. आज त्यांचं चित्र असलेली नोट टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधल्या किराणा दुकानात कढीपत्त्याच्या जुडीबरोबर गल्ल्यात पडते.

राजकारण कसं करायचे ते डायरीत कळतं का?

फार छान कळतं. एकच उदाहरण देते. संरक्षणमंत्री राल्स्टन यांनी १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीवरून राजीनामा दिला होता. वाद मिटला, राल्स्टन कामाला लागले, पण किंग यांनी ते पत्र परत केलं नाही. ठेवून दिलं. दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९४४ला, त्याच मुद्द्यावर पुन्हा खडाजंगी झाली. मंत्रिमंडळाच्या भर बैठकीत किंग म्हणाले की राल्स्टन यांचा राजीनामा माझ्याकडे आहेच, तो मागे घेतलेला नाही, आता स्वीकारतो. राल्स्टन उठले, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि बाहेर पडले. तीन आठवड्यांत किंग यांनी सक्तीने भरती झालेले १६,००० सैनिक परदेशी पाठवायला मान्यता दिली. म्हणजे राल्स्टन मागत होते तेच. डायरीत या सगळ्याचा तपशील आहे आणि आपलं काही चुकलं असं कुठेही नाही. घाबरट दिसणारा माणूस दोन वर्षं सुरा म्यानात ठेवून बसला होता.

डायरी जाळून टाकायला सांगितली होती ना?

मृत्युपत्रात लिहिलं होतं की मी खूण करीन ते भाग ठेवा, बाकी नष्ट करा. पण खुणा करायचं काम पुरं झालंच नाही. पाठीमागे जबाबदारी आली चौघांवर : जॅक पिकर्सगिल, नॉर्मन रॉबर्टसन, फ्रेड मॅकग्रेगर आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख के लँब. जळती काडी कुणाच्या हातून टाकवेना. मग वर्षानुवर्षं चालढकल. मधल्या काळात अभिलेखागारातल्याच एका कर्मचाऱ्याने चोरून प्रत केली आणि वर्तमानपत्राला विकायचा प्रयत्न केला. त्यामुळे मूळ जाळून काही उपयोग राहील का, हाही प्रश्न आला. शेवटी १९७० च्या दशकात डायरी अभ्यासकांना खुली होऊ लागली. प्लँचेटच्या बैठकांच्या वेगळ्या वह्या होत्या, त्या मात्र १९७७ मध्ये जाळल्या. तोवर स्टेसींचं पुस्तक येऊन वर्ष झालं होतं. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप, दुसरं काय.

एक वही गायब आहे म्हणतात?

आहे. १० नोव्हेंबर १९४५ पासून वर्षअखेरपर्यंतची. त्या सप्टेंबरमध्ये ओटावाच्या सोव्हिएत दूतावासातला सांकेतिक लिपीचा कारकून इगोर गुझेन्को १०९ कागद घेऊन पळाला होता आणि हेरगिरीचं मोठं जाळं उघडं पडत होतं. किंग यांना सुरुवातीला हे झेंगट नकोच होतं. तो माणूस आत्महत्या करील म्हणतोय हे कळल्यावरही सरकारने यात पडू नये असंच त्यांचं मत होतं, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलंय. नेमकी पुढची वही नाही. यावरून तर्क पुष्कळ लढवले गेलेत. मी त्यात भर घालत नाही.

डायरीतलं खरं किती मानायचं?

घडलेल्या गोष्टींचा क्रम, कोण कधी आलं, काय बोललं, याला डायरी बऱ्यापैकी भरवशाची आहे, कारण नोंद त्याच दिवशीची असते. मतं मात्र सावधपणे घ्या. प्रत्येक भांडणात दुसरा चुकलेला असतो, प्रत्येक विजय देवाच्या कृपेने असतो आणि प्रत्येक पराभव कुणाच्या तरी कपटाने. एखाद्या नोंदीवर विसंबण्याआधी त्याच दिवशीची दुसऱ्या कुणाची टिपणं मिळाली तर बघावीत. तीस हजार पानांत स्वतःशी खोटं बोलायला भरपूर जागा असते.

वाचायची कुठे, सुरुवात कुठून करू?

कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर सगळी डायरी आहे, फुकट, पानांच्या छायाचित्रांसह. तारीख टाकली की पान उघडतं. एकदम १८९३ पासून सुरू करू नका, अक्षर पाहून उत्साह मावळेल. १९३५ नंतरची टाइप केलेली पानं घ्या. जून १९३७चा बर्लिनचा आठवडा, मग जुलै १९४१चं पॅटचं, मग ऑगस्ट १९४५. हाताने लिहिलेल्या पानांकडे जायचंच असेल तर डिसेंबर १९१७चं काढा, आई गेली त्या दिवसांचं, आणि मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर. शब्द लागत नसेल तर पुढे जा. दोन ओळींनंतर तोच शब्द परत येतो, आणि बहुतेक वेळा तो ‘आई’ असतो.